सूर्यास्ताआधीची चढाई

अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात त्या दिवशी सूर्यास्त : पाच वाजून वीस मिनिटं.

डब्यात दशम्या, सात. शेंगदाण्याची चटणी.

जैन धर्माच्या नेमानं आष्ट्याच्या सुकुमार यांनी बावीस वर्षांत सूर्य मावळल्यावर घास घेतला नव्हता. पाणीसुद्धा.

साताऱ्याचे निवृत्त सुभेदार जोतिबा यांना लढाई झालेली जागा नुसती बघता येत नसे.

हे दोघे व्याही. सुकुमार यांची प्राची जोतिबांच्या शंभूराजला दिलेली. झोपलेल्या बाळाला घेऊन ती दोघं पार्किंगमध्ये थांबली आणि व्याही, विहिणी असे चौघे चालत खिंडीत आले. इथं कधीकाळी अपाची आदिवासी आणि अमेरिकन घोडदळ एका झऱ्यासाठी लढले होते.

सुभेदारांनी पाटी दोनदा वाचली. "खाली झरा. तहानलेलं घोडदळ पाण्याला आलं. अपाची वर दगडाआड. आपल्या मावळ्यांचाच गनिमी कावा की ह्यो. पर घोडदळ चुकीच्या अंगानं चढलं."

"असंल," सुकुमार म्हणाले. "चार वाजलं. जेवायचं बघूया."

"धा मिनटं, पाव्हणं. डेमो दावतो."

त्यांनी बायकोकडं वळून हुकूम सोडला, "बनू, इहीणबाईंना घेऊन मागच्या वाटंनं वर जा. तुमी अपाची. मी सांगितल्याबिगर पोझिशन सोडायची न्हाई."

तीस वर्षं फौजीचा संसार केलेल्या बनुबाईंनी वाद घातला नाही. शालनबाईही खांद्याची पिशवी सावरत त्यांच्यामागं गेल्या.

दहा मिनिटांची पंचेचाळीस झाली. सुकुमार घोडदळ म्हणून झुडपाआड तीनदा बसले, दोनदा उठले. तिसऱ्यांदा सुभेदारांनी उठवलं. पायमोज्यात काटे भरले होते.

"आता बास," सुकुमार म्हणाले. "डबा कुठाय?"

डबा शालनबाईंच्या पिशवीत होता. पिशवी टेकडीवर होती.

फोनला रेंज नव्हती. सुभेदारांची हाक वाऱ्यानं भलतीकडंच नेली. सुकुमार यांनी पांढरा टॉवेल काढून जोरजोरात हलवला.

वर बनुबाई म्हणाल्या, "शरण आल्याती बघा."

"एवढ्या लवकर?" शालनबाईंनी विचारलं. दोघींनी हात हलवले आणि जागच्या हलल्या नाहीत.

तेवढ्यात खिंडीतलं ऊन गेलं. सूर्य समोरच्या डोंगराआड झाला.

"आमचं जेवाण ऱ्हायलं, सुभेदार." सुकुमार हळूच म्हणाले.

सुभेदारांचा चेहरा पडला. "अजून मावळला न्हाई, पाव्हणं. आड गेलाय निस्ता."

"आमाला दिसंना की. बावीस वर्सं दिसतोय तवर जेवलोय."

सुभेदारांनी मान वर केली. टेकडीचा माथा अजून पिवळाधमक होता. "तिथनं दिसतोय. मागनं गेलं तर अर्धा तास. म्होरनं धा मिनटं, पर चढ लय उभा हाय."

सुकुमार यांनी टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि समोरूनच चढायला लागले.

दगड निसटत होते. सावली त्यांच्या मागोमाग टेकडी चढत होती. एकदा ती त्यांच्या कमरेपर्यंत आली, तसे ते चारी हातापायांवर पुढं सरकले आणि परत उन्हात आले. खालून सुभेदार "डावीकडनं, डावीकडनं" म्हणत होते. मग त्यांनी सूचना बंद केल्या आणि सावधान उभे राहिले.

माथ्यावर शालनबाईंनी नवऱ्याला तसं चढताना बघून डबा उघडून ठेवला होता.

"किती वाजलं?"

"खावा आधी."

सूर्याकडं तोंड करून सुकुमार यांनी चार दशम्या खाल्ल्या, वर तांब्याभर पाणी प्यायले, तोंड पुसलं आणि हात जोडले. त्यानंतर सावली त्यांच्या बुटाला लागली.

मागच्या वाटेनं धापा टाकत सुभेदार पोचले तेव्हा अंधारायला लागलं होतं. "घेतली का न्हाई टेकडी? बोललो हुतो. घोडदळ जिंकलं."

"आवं, घोडदळ मी अर्ध्या चढातच सोडलं," सुकुमार म्हणाले. "डबा जिकडं, आमी तिकडं. मी अपाची."

बनुबाईंनी सरकून व्याह्यांना दगडाआड जागा केली आणि नवऱ्याकडं बोट दाखवलं. "इहीणबाई, ह्यो एक घोडदळातला घावलाय. तहानलेला दिसतोय. पाणी द्या त्येला."

सुभेदारांनी दोन्ही हात वर केले आणि पाणी घेतलं.

गुडघे दुखतात म्हणून आदल्या दिवशी मॉलमध्ये सुकुमार चाकाच्या खुर्चीत बसून फिरले होते.