ड्रॅगनच्या नख्या

रोज सकाळी आठला समोरच्या घरात मल्लेशमकाका ड्रॅगनच्या नख्या मोजायला बसतात. डोळ्याला सूत मोजायचं पितळी भिंग, पुढ्यात एकाच खेळाची तीन जाडजूड पुस्तकं: जुनी आवृत्ती, मधली आणि नवी. डाव्या पायाला चार आणि उजव्याला पाच नख्या निघाल्या की त्यांचा चेहरा खुलतो आणि मला हाक येते, "सर, या की. चूक गावली."

काका जन्मभर चादरीच्या कारखान्यात नक्षी काढत होते. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचं; एक घर चुकलं की मोराची मान वाकडी विणली जाणार. असा माणूस निवृत्त झाला की घरच्यांचं काही खरं नसतं. काका घरात एकटेच, त्यामुळे सगळं ड्रॅगनवर निघालं.

हा खेळ ते कधी खेळलेले नाहीत. चौघापाचांनी टेबलाभोवती बसायचं, एकानं गुहा, जादूगार, राक्षस अशी गोष्ट रचत न्यायची आणि बाकीच्यांनी फासे टाकत त्यातून जिवंत सुटायचं. कॉलेजात असताना त्यांची लेक लावण्या मैत्रिणींना जमवून याच घरात खेळायची, तेव्हा काका गोंगाटाला कंटाळून जादा पाळी करायचे. आता ती नोकरीला हैदराबादला असते आणि नवी आवृत्ती निघाली की नान्नांना, म्हणजे वडिलांना, पाठवते.

जुन्या पुस्तकातली योद्धी बर्फात जवळजवळ उघडीच उभी होती. नव्यात तिला गळ्यापर्यंत चिलखत मिळालं, तेव्हा काकांना हायसं वाटलं. ड्रॅगन मात्र त्यांना जुनाच पसंत. मला नवा आवडतो, असं मी एकदा बोलून गेलो, तर दोन दिवस माझ्याशी अबोला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "रंग लई हाय, सर. पर रेघ कुटं हाय?"

काकू होत्या तोवर बापलेकीचं बोलणं त्यांच्यामार्फतच चालायचं. त्या गेल्या आणि फोन 'जेवलीस का' आणि 'जेवले' एवढ्यात संपायला लागला. चित्रांमुळे तो पुन्हा लांबला. आता दर रविवारी काका तिला चित्रातला एक फरक सांगतात.

गेल्या महिन्यात त्यांचा घसा पार बसला आणि नेमका रविवार आला. मला बोलावून त्यांनी वही पुढे केली. नवी आवृत्ती त्यांनी पहिल्याच आठवड्यात तपासून संपवली होती. फरक पानांच्या क्रमानं लिहिलेले आणि प्रत्येकापुढे एकेक रविवार. मला कानाजवळ ओढून त्यांनी बजावलं, "एकच सांगा. समदं आजच सांगितलं तर फुडच्या रविवारी ती काय बोलंल माज्याशी?"

मी फोन लावला. जादूगाराची तलवार या खेपेला डाव्या कमरेला आली आहे, असं सांगितलं. लावण्यानं नवल केलं, खोदून खोदून विचारलं. मी पडलो मास्तर, एकदा सुरू झालो की धडा संपवल्याशिवाय थांबवत नाही. त्याच भरात मी पुढच्या पानावरच्या गुहेचा विषय काढला.

लावण्या हळूच म्हणाली, "सर, ती पुढच्या रविवारी. पुस्तक माझ्याकडंपण आहे, मी सगळं बघितलंय. नान्नांना सांगू नका."

मी फोन ठेवला. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. तिला फार नवल वाटलं, असं मी सांगितलं. त्यांनी वहीत त्या ओळीपुढे खूण केली.

"वाटणारच की," ते कसेबसे म्हणाले. "तिनं आपलं पुस्तक मला दिलं, सर. मी सांगितल्याबिगर तिला कळणार कसं?"