कथानिवडीची नस्ती

साहित्याचा आस्वाद ही फार गंभीर बाब असल्यामुळे ती विद्यार्थ्यांवर सोडता येत नाही. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरांत याबद्दल दुमत नाही. म्हणूनच अकरावीतल्या वीणाला इंग्रजीच्या मॅमनी "पुस्तकातली कोणतीही एक अमेरिकन लघुकथा निवडून रसग्रहण करा" असं सांगितलं, तेव्हा तिच्या वडिलांनी, म्हणजे अवर सचिव अण्णासाहेबांनी, सर्वप्रथम नस्ती उघडली.

नस्ती म्हणजे फाइल. अण्णासाहेब मुंबईच्या मंत्रालयातून दिल्लीला आले असल्यामुळे हा शब्द त्यांनी जिवापाड जपला आहे. दिल्लीत वाढलेल्या वीणाने मात्र तो आईच्या तोंडून फक्त 'उठाठेव'च्या आधी ऐकला होता. तिचा गैरसमज कुणी दूर केला नाही. तशी गरजही पडली नाही.

"पण बाबा, मी स्टोरी ऑलरेडी निवडलीय," वीणा म्हणाली. "सच्ची, इतकी आवडली! बसमध्ये वाचताना रडले मी."

अण्णासाहेबांनी याची नोंद घेतली. अर्जदाराचं मन एखाद्या कथेत आधीच गुंतलेलं असेल तर निवड निःपक्षपाती राहत नाही, आणि रडणं हा तर धडधडीत पुरावा.

लगेच समिती बसली. अण्णासाहेब (अध्यक्ष), वीणाची आई सुनंदाबाई (सदस्य, चहासह) आणि शेजारचे भालचंद्र (ऑडिट खात्यातले, न बोलावता). पुस्तकातल्या कथांची तांत्रिक छाननी झाली. दारू असलेल्या कथा बाद. घटस्फोट, बंदूक आणि चुंबन बाद. आईवडिलांना उलट बोलणारी मुलं तर वाचण्याआधीच बाद. एवढ्याने अमेरिकन वाङ्मय बरंच आटोपशीर झालं. (त्र्याण्णव टक्के गळालं, उरलेल्या सात टक्क्यांत प्रस्तावना धरली आहे.) शेवटी दोनच कथा टिकल्या. एक वीणाची. दुसरीत एक शेतकरी आपल्या कोठाराला तांबडा रंग देतो. रंग वाळतो. कथा संपते.

टेंडरमध्ये सर्वांत कमी बोली लावणाऱ्याला 'एल-वन' म्हणतात आणि काम त्यालाच मिळतं. कोठार चार पानांत उरकत होतं. वीणाच्या कथेला एकवीस पानं लागत होती.

"एल-वन बिल्कुल क्लिअर आहे, अण्णासाहेब," भालचंद्र म्हणाले. "सतरा पानं जादा कशाला, असा उद्या कुणी आक्षेप काढला तर?"

"पण त्या रंगात मी अ‍ॅनलाइज काय करू?" वीणाने विचारलं.

"तांबडा आहे ना? मग प्रतीक आहे म्हणून लिही," सुनंदाबाई म्हणाल्या.

अडचण एकच होती. नाकारलेल्या बोलीची कारणं नस्तीवर लिहावी लागतात आणि त्यासाठी (नियमात पळवाट नसल्याने) कथा वाचावी लागते. अण्णासाहेब दोन पानं चाळायला म्हणून बसले. चहावर साय धरली. भालचंद्र उठून गेले तेही त्यांना कळलं नाही. शेवटचं पान संपल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मग पुन्हा पुसला.

"कांदा चिरतेयस का गं?" त्यांनी विचारलं. सुनंदाबाई शेजारीच वर्तमानपत्र वाचत होत्या.

वीणा दारात उभी होती. "बाबा, मग हीच करू ना?" तिचा चेहरा असा काही उजळला होता, की पुढचं सांगताना मला वाईट वाटतं.

अण्णासाहेबांनी पेन उघडलं आणि लिहिलं, "कथा अत्यंत परिणामकारक आहे. सबब गुणांच्या दृष्टीने जोखमीची. नाकारण्यात यावी." सही नेहमीसारखी स्वच्छ आली.

"अच्छा," म्हणून वीणा आत गेली.

तांबड्या रंगावर तिने सहा पानं लिहिली. वीसपैकी एकोणीस मिळाले. (वर्गातल्या बहुतेकांनी कोठारच निवडलं होतं. एल-वन सगळ्याच मंत्रालयांत चालतो.) मॅमनी शेरा दिला, "मनापासून लिहिलं आहेस." घरात पेढे आले. वीणा आता कोणतीही गोष्ट हातात घेतली की आधी किती पानांची आहे ते बघते आणि बसमध्ये रडत वगैरे नाही. अण्णासाहेबांनी नस्ती समाधानाने बंद केली.

पद्धत इतकी यशस्वी ठरली, की हे वाचणाऱ्या पालकांना आता त्या कोठाराच्या कथेचं नाव हवं असणार. अवश्य कळवीन. वीणाची कथा कशाबद्दल होती, हे मात्र इथवर येऊनही तुमच्यापैकी कुणी विचारलेलं नाही.