छाया विभाग

संस्था माणसांवर चालतात असा एक समज आहे. बारकाईने पाहिल्यास त्या बिघाडांवर चालतात; बिघाड नसते तर माणसं ठेवायला कारण उरलं नसतं. हे सत्य गौतमीला रसायनशास्त्राची पदवी घेताना कुणी शिकवलं नव्हतं. ते तिला शिक्रापूरजवळच्या, बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं.

गौतमी कंत्राटी होती. कंत्राटी माणसाला ठरावीक महिन्यांनी 'ब्रेक' मिळतो. म्हणजे त्याला घरी पाठवून, कायम होण्याच्या धोक्यापासून वाचवून, पुन्हा नवीन म्हणून घेतात. (घेतलंच तर.) गौतमीला मात्र तो धोका पत्करायचा होता. दौंडच्या संघर्षशी तिचं लग्न ठरलं होतं, त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि घरात निदान एक तरी माणूस कायम असावं यावर दोन्ही घरांचं एकमत होतं.

मनुष्यबळ विभागाच्या शितल मॅडम दर सोमवारी सगळ्यांना रांगेत उभं करून सांगत, "कायम कोण होतं? ज्याच्यावाचून अडतं तो. पॅशन पाहिजे, क्रिएटिव्हिटी पाहिजे."

अडत होतं ते झाकणं मोजणाऱ्या मशीनवर. सकाळी ऊन चढलं की छताच्या पारदर्शक पत्र्यातून एक तिरीप नेमकी मशीनच्या सेन्सरवर पडे. सेन्सर दिपे, मोजणी चुके, भोंगा वाजे आणि लाइन थांबे. यावर झालेले उपाय असे : मशीनची सर्व्हिसिंग, मशीनची पूजा, ऑपरेटरची बदली, आणि पुण्याहून आलेल्या तज्ज्ञांचा अहवाल की मशीनमध्ये दोष नाही. (तज्ज्ञ दुपारी आले होते.)

गौतमीनं वर पाहिलं आणि ती सुपरवायझर मारुतरावांकडे गेली. त्यांना सगळे मामा म्हणत.

"मामा, वरच्या पत्र्याला एक पुठ्ठा लावला तर?"

मामांनी चहा संपवला. "पुठ्ठा लावलास तर कायम कोण व्हईल?"

"कोण?"

"पुठ्ठा."

दुसऱ्या दिवशी गौतमी घरून छत्री घेऊन आली.

सेन्सरवर छत्री धरणं हे वरवर सोपं दिसणारं काम आहे. सूर्य सरकतो, तशी छत्री सरकवावी लागते. ही झाली पॅशन. ऋतू बदलला की कोन बदलावा लागतो, ही क्रिएटिव्हिटी. भोंगा गप्प झाला. शितल मॅडमनी छत्री कंपनीच्या निळ्या रंगाची करून घेतली आणि गेटवर गौतमीचा फोटो लावला. खाली लिहिलं होतं : 'अपरिहार्य कर्मचारी'. कायम करण्याचं पत्रही तयार झालं. फक्त सही व्हायची होती.

अपरिहार्य कर्मचाऱ्याला तीन सवलती मिळतात. त्याला ब्रेक नाही, बढती नाही आणि रजा नाही. बढती दिली तर छत्री कोण धरणार, हा प्रश्न कंपनीने स्वतःला प्रांजळपणे विचारला होता. रजेचा प्रश्न गौतमीच्या लग्नाच्या वेळी निघाला.

"गौतमी, तूच सांग," शितल मॅडम हळहळून म्हणाल्या, "तुझ्याशिवाय चालेल का?"

सही झालेली नसताना या प्रश्नाला एकच उत्तर असतं. तिनं ते दिलं. त्यामुळे लग्न कारखान्यात, मशीनपाशी करायचं ठरलं.

"आगं, मान्सं काय म्हंतील?" भांडगावहून तिच्या आईनं, ताईबाईनं, फोनवर विचारलं.

"म्हणू दे. फक्त तो पुठ्ठ्याचा विषय कुणी काढू नका."

"न्हाई काढत. वर बघायचं न्हाई, येवढंच ना? सगळ्या वऱ्हाडाला बजावते."

लग्न फार शिस्तीत झालं. दौंडहून टेम्पोनं आलेल्या वऱ्हाडाला केस झाकायच्या जाळीच्या टोप्या वाटण्यात आल्या. बौद्ध विवाहात कपडे पांढरे असतातच, त्यामुळे गणवेशाबाबत सुरक्षा विभागाला काही लिहून घ्यावं लागलं नाही. त्रिशरण-पंचशील झालं. नवरीच्या हातात छत्री होती आणि एकही पाहुणा वर पाहत नव्हता.

अडचण हारांपाशी आली. हार घालायला दोन हात लागतात. मामांनी पुढं होऊन छत्री घेतली.

लाइन चालू राहिली.

शितल मॅडमनी मामांकडे पाहिलं, मग मशीनकडे, मग पुन्हा मामांकडे. गौतमी हार उचलून तशीच उभी राहिली. आपल्यावाचून मशीन चालताना ती पहिल्यांदाच पाहत होती, आणि तेही ऐन लग्नात.

"घाल की," संघर्ष हळूच म्हणाला. "मान अवघडली माझी."

मामांनी गौतमीच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि छत्री जराशी कलती केली. तिरीप सेन्सरवर पडली, भोंगा वाजला, लाइन थांबली. भोंगा ही खूण समजून बाहेर बँजोवाल्यांनी दणक्यात सुरुवात केली.

"आपल्याला न्हाई जमत, मॅडम," मामा म्हणाले. "पोरीचा हात लागतो त्याला."

सही तिथंच झाली. मामांनी दुसरा आहेर केला नाही, आणि गौतमीनंही त्याची वाट पाहिली नाही.

पुढं वर्षभरानं शेजारच्या प्लॉटवर गोदाम उभं राहिलं. त्याची भिंत इतकी उंच गेली की सकाळची तिरीप आत येणंच बंद झालं. गौतमी आठवडाभर सावलीत छत्री धरून उभी राहिली. मशीन बिनतक्रार चालत होतं आणि गौतमीला जेवण जात नव्हतं.

मुख्य कार्यालयानं विचारलं, ऊन नसेल तर छत्री कशासाठी? बैठक बसली. छत्री काढायची म्हणजे अपरिहार्य ते परिहार्य होतं असं कबूल करायचं, आणि एव्हाना शितल मॅडमची बढती त्याच अपरिहार्यतेवर झाली होती. दोष छत्रीचा नसून उन्हाचा आहे, असा निष्कर्ष निघाला. ऊन अनियमित आहे, आणि त्याच्याशी कंपनीचा कोणताही करार नाही.

आता छतावर हॅलोजनचा मोठा दिवा बसवला आहे. सकाळी मामा तो लावतात, खाली गौतमी छत्री धरते. दिव्याची दुरुस्ती संघर्षकडे आहे. या सगळ्याला मिळून छाया विभाग म्हणतात. विभागाचं काम इतकं चोख आहे की दिवा बसल्यापासून भोंगा एकदाही वाजलेला नाही, आणि मनुष्यबळ वाढवून मिळावं असा प्रस्ताव गेला आहे.

हे वाचून ज्यांना हसू आलं असेल, त्यांनी उद्या कामावर गेल्यावर एकदा वर पाहावं. दिवा दिसला तर बंद करू नये. तो तुमच्यासाठीच लावलेला आहे.