द्राक्षारिष्टाची तपासणी

वालूरच्या गुरुसिद्धप्पांनी साठ वर्षांत दारूचा थेंब जिभेला लावला नव्हता. एवढ्या एका भांडवलावर उद्याच्या ग्रामसभेत ते दारूबंदी समितीचे अध्यक्ष होणार होते. आणि नेमकं आज, परभणीला वकिली शिकणाऱ्या त्यांच्या लेकीनं, धनश्रीनं, घरच्या दुकानातल्या द्राक्षारिष्टाच्या बाटलीचं लेबल वाचलं.

“अप्पा, यात अल्कोहोल हाय. सात टक्के.”

अप्पा उठले आणि पुन्हा बसले. “तीस वर्षं विकायलोय मी! बिनालायसनचं?”

“औषधाला लायसन लागत न्हाई. फक्त ते नशेसाठी पिण्याच्या लायकीचं नसावं, असं कायदा म्हणतो.”

“लायकी कोण ठरवणार?”

धनश्रीनं बाटली फिरवून लेबल पुन्हा वाचलं. ती अजून दुसऱ्याच वर्षाला होती.

अप्पांनी स्वतः पिऊन पाहावं, तर नशा कशी असते हेच त्यांना ठाऊक नव्हतं. चढली तरी कळणार कशी? जाणकार माणूस पाहिजे होता, आणि या विषयात तात्यारावांच्या तोडीचा तालुक्यात कुणी नव्हता.

तात्यारावांनी दुकानाच्या ओट्यावर बसून अख्खी बाटली संपवली, मिशी पुसली.

“काय वाटायलंय?”

“भूक लागायलीय.”

“आन् नशा?”

“अप्पा, ह्याला दारू म्हणनं म्हंजे दारूची बेइज्जती हाय.”

अप्पांनी तसं लिहून सही घेतली. तोवर अप्पा तात्यारावांना भर चौकात पाजायलेत, ही खबर घरोघरी गेली होती. तात्यारावांच्या धुरपताबाई बचत गटाच्या बाया घेऊन आल्या.

“लाज हाय का अप्पा? माझ्या नवऱ्याला दिवसाढवळ्या पाजता?”

“पाजलं न्हाई, तपासलं! बघा, सरळ उभे हायत का न्हाई?”

धुरपताबाईंनी नवऱ्याला पारापर्यंत चालवून आणलं. नातवाचं नाव विचारलं. बरोबर आलं. बाया एकमेकींकडे बघू लागल्या.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी ग्रामसभेत तात्यारावांचा लेखी जबाब वाचला. बाटलीला लायसनची गरज नाही, हे गावानं एकमतानं मान्य केलं. मग तितक्याच एकमतानं अध्यक्ष म्हणून तात्यारावांना निवडलं.

अप्पांनी लेकीकडे पाहिलं. ती मोबाइलमध्ये कायदा शोधत होती.

“अवो, मी आयुष्यात प्यालो न्हाई!”

“त्येच तर,” धुरपताबाई म्हणाल्या. “ह्ये बाटलीभर पिऊन सुदीवर ऱ्हायले, समद्या गावानं बघितलं. तुमचं कुणाला काय म्हाईत?”