मुख्याध्यापकांची खरी सही

लोरेटा प्रोखास्काने पत्र तिसऱ्यांदा वाचलं आणि टेबलावर असं आपटलं, की मुख्याध्यापकांच्या जेवणातली राजमा-खिम्याची चिली त्यांच्या टायवर उडाली. नेब्रास्कातल्या या गावात तिने दहा वर्षं पोरांना गणित शिकवलं होतं. सरकारी शाळेत नोकरी करा, शिक्षणाच्या कर्जाचे एकशेवीस हप्ते भरा, उरलेलं माफ, असा नियम होता. नोकरीचा दाखला म्हणून दरवर्षी मुख्याध्यापकांच्या सहीचा एक फॉर्म जायचा. तिचे हप्ते भरून झाले होते. आणि आता हप्ते गोळा करणारी कंपनी कळवत होती, की शेवटच्या फॉर्मवरची मुख्याध्यापकांची सही बनावट वाटते.

"बनावट?" मुख्याध्यापक ड्वेन व्होंद्राचेक गरजले. "मी केलीय ती! तुझा शेवटचा फॉर्म म्हणून मुद्दाम स्वतः केली!"

"मुद्दाम म्हणजे? आणि आधीच्या नऊ?"

दोघांनी सेक्रेटरी विल्माकडे पाहिलं. विल्माच्या हातातला दालचिनीचा रोल तोंडापर्यंत पोचलाच नाही.

"तुम्ही जागेवर असता कधी, सर? सदान्‌कदा मैदानावर, फुटबॉलच्या पोरांवर ओरडत. मग करते मीच. नऊ वर्षांत कुणाची तक्रार नाही."

"अगं बाई, गुन्हा आहे हा! जेलमध्ये जाशील!"

"तुमच्यापेक्षा सुबक येते," विल्मा पुटपुटली.

लोरेटाने कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटं सनई वाजावी तसं काहीतरी वाजलं, तेवढ्या वेळात तिचा पारा आणखी चढला. मग कर्टिस नावाचा कुणी माणूस बोलायला लागला. मुख्याध्यापकांनी फोन हिसकावला.

"मी स्वतः ड्वेन व्होंद्राचेक बोलतोय. सही माझीच आहे."

"शक्य आहे, सर. पण आमच्याकडे तुमच्या नऊ सह्या आहेत. नऊच्या नऊ तंतोतंत सारख्या. ही दहावी कुणीतरी घाईत गिरगटल्यासारखी आहे."

"अहो, कारण त्या नऊ..."

लोरेटाने फोनवर हात दाबला. "सर, एक शब्द बोलाल तर खबरदार! त्या खोट्या ठरल्या तर माझी नऊ वर्षं पाण्यात!"

मुख्याध्यापकांनी फोन परत कानाला लावला. "त्या नऊ... फार छान आल्यात," ते म्हणाले.

"तशीच करून पाठवा, सर. तीस दिवसांच्या आत."

फॉर्म विल्मासमोर सरकवण्यात आला. विल्माने हात मागे घेतले. "मी नाही हं. आत्ताच कुणीतरी जेलचं नाव काढलं."

मग काय करणार? दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली, की मुख्याध्यापक विल्माच्या टेबलाशी बसून स्वतःची सही शिकू लागले.

"शेपूट एवढं लांब नको, सर. आणि हा 'सी' गाळा."

"माझ्या आडनावात 'सी' आहे!"

"नऊ वर्षं नव्हता."

लोरेटा दारात हाताची घडी घालून उभी असायची. दहा वर्षं तिने जुनी गाडी ढकलत आणली होती, दात दुखला तरी लवंग चावून दिवस काढले होते, आणि आता सगळं एका 'सी'वर अडलं होतं. तिला कुणाचा तरी गळा धरावासा वाटत होता, पण समोर होते ते दोघं तिच्यासाठीच घाम गाळत होते. अठराव्या दिवशी विल्माने मान डोलावली आणि फॉर्म रवाना झाला.

दीड महिन्याने पत्र आलं. सही अस्सल असल्याची खात्री पटली आहे, कर्ज माफ. लोरेटा रडली नाही. तिने दार लावलं, दहा वर्षांच्या शिव्या ओळीने मनात मांडल्या आणि फोन लावला. उचलला कर्टिसनेच.

"अभिनंदन, मॅडम," तो म्हणाला.

"अभिनंदन गेलं खड्ड्यात! माणसं आहात की..."

"मॅडम, शिव्या द्या, पण आधी एक विचारू?" त्याने आवाज खाली आणला. "ही माफी नेमकी कुठल्या कुठल्या नोकरीत मिळते? माझंही कर्ज आहे. अकरा वर्षं फेडतोय."

"तुम्हाला नाही माहीत? तुम्ही तर हेच काम करता!"

"मी नुसत्या सह्या बघतो, मॅडम. आणि आमची कंपनी खासगी. आमची नोकरी नाही बसत त्यात."

सगळ्या शिव्या लोरेटाच्या जिभेवरच राहिल्या. राग गेला नव्हता, पण तो या माणसावर काढायचा नव्हता, हे तिला कळलं.

"गाडी चालवता येते?" तिने खेकसून विचारलं.

"येते की."

"आमच्या शाळेला बसचा ड्रायव्हर हवाय. सोमवारी या. आणि सहीची काळजी करू नका, आमच्या सरांना आता पक्की येते."