रेघेपर्यंत भरलेली बरणी

बरणीवर रेघ मारली, तिथेच सगळं बिघडलं. पण हे थेंबसाहेबांना कळायला तीन आठवडे आणि एक काडेपेटी लागली.

थेंबसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते एकतीस वर्षं द्रावणं तयार करत होते. एखादा थेंब इकडचा तिकडे झाला तर सबंध बाटली मोरीत ओतून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलं. पुढे प्राध्यापक तसंच म्हणायला लागले, मग शेजारपाजारचे, आणि एकदा भाजी आणायला सांगताना बायकोच्याही तोंडून ते निसटलं.

या सगळ्याचं मूळ होते त्यांचे साडू. साडू फिरतीच्या नोकरीतले. त्यांच्या दिवाणखान्यात काचेचं एक कपाट होतं आणि त्या कपाटात मधोमध परदेशी कॉफी लिकरची, म्हणजे कॉफीच्या गोड दारूची, एक बाटली होती. कोणी पाहुणे आले की साडू ती बाटली दोन्ही हातांनी, तान्हं मूल काढावं तशी बाहेर काढत, चमचाभर प्रत्येकाच्या पेल्यात घालत आणि तासभर तिच्याबद्दल बोलत. गेल्या खेपेला थेंबसाहेब सहज म्हणून गेले, "यात काय एवढं? घरीसुद्धा करता येईल."

साडू मोठ्याने हसले. "अहो साडूभाऊ, परीक्षानळ्या विसळणं वेगळं आणि हे वेगळं!"

सगळे हसले. थेंबसाहेबही हसले. एकतीस वर्षांत त्यांच्या द्रावणांवर शेकडो प्रयोग यशस्वी झाले होते, पण नाव लागलं ते प्राध्यापकांचं. 'हे मी केलं' असं म्हणून कोणापुढे ठेवावं असं आयुष्यात काही झालंच नाही, हे त्यांना त्या संध्याकाळी फार लागलं. घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी त्यांनी फोन लावला. "तीन आठवड्यांनी रविवारी दुपारी जेवायला या. माझ्या हातची कॉफी लिकर पाजतो. मलई घालून, बर्फ घालून, अगदी रीतसर."

"बघू या की," साडू म्हणाले. ते 'की' थेंबसाहेबांना रात्रभर टोचत राहिलं.

दुसऱ्याच दिवशी कामाला सुरुवात झाली. घट्ट काळी कॉफी उकळली, फडक्यातून दोनदा गाळली. साखरेचा पाक केला, तो थंड केला. त्यात कॉफी, मग मोजून व्होडका आणि वर उभी चिरलेली व्हॅनिलाची शेंग. दोन लिटरची काचेची बरणी भरली. दारू पुरेशी पडली का ते तपासायला थेंबसाहेबांनी चमचाभर द्रव गॅसवर गरम केला आणि काडी लावली. चमच्यावर निळी ज्योत थरथरली. बायको आणि मुलगी बघतच राहिल्या.

"बाबा, भारीच!" मुलगी म्हणाली. ती नुकतीच नोकरीला लागली होती आणि सहसा घरातल्या कशालाच भारी म्हणत नसे.

"चव बघितलीत का?" बायकोने विचारलं.

"चव?" थेंबसाहेबांना धक्काच बसला. "अगं, प्रयोगशाळेचा पहिला नियम काय? तयार केलेली वस्तू तोंडात घालायची नाही. वास घ्यायचा, तोही हाताने नाकाकडे वारा घालून."

"ही प्रयोगशाळा नाही, स्वयंपाकघर आहे."

"शिस्त ती शिस्त. मुरल्यावर, साडूंच्या समोरच पहिला घोट."

थेंबसाहेबांच्या आई दारात उभ्या होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांचं वय, कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट. "या घरात आता हेच बघायचं राहिलं होतं," त्या म्हणाल्या. "त्या बरणीकडे मी ढुंकूनसुद्धा बघणार नाही."

पण बरणी रोज तीन वेळा हलवायची होती आणि थेंबसाहेब दिवसभर कॉलेजात. त्यांनी वेळापत्रक करून कपाटाच्या दारावर चिकटवलं. सकाळी आई, दुपारी बायको, संध्याकाळी मुलगी. प्रत्येकीने बरणी वीस वेळा हलवायची आणि पुढे सही करायची.

"हलवीन," आई म्हणाल्या, "पण तोंड फिरवून."

आणि मग थेंबसाहेबांनी ती रेघ मारली. बरणीवर पांढरी पट्टी चिकटवली, डोळे पातळीला आणून द्रवाच्या काठाला अगदी बारीक रेघ ओढली. "रोज रात्री मी तपासणार. हवेत उडून किती कमी होतं त्याची नोंद ठेवायची आहे. एक केसभर कमी झालं तरी मला कळेल!" हे ते शास्त्र म्हणून बोलले. ऐकणाऱ्यांना ती तंबी वाटली.

पुढचे दिवस मोठे छान गेले. थेंबसाहेब रोज जेवणानंतर कपाट उघडत, वाकून बघत आणि वहीत लिहीत: 'पातळी रेघेवर. घट शून्य.' पाचव्या दिवशी लिहिलं: 'रंग गडद होत आहे.' दहाव्या दिवशी: 'रंग आणखी गडद. उत्तम मुरत आहे.' पंधराव्या दिवशी त्यांनी 'उत्तम' खाली रेघ ओढली.

घरातही काहीतरी बदललं होतं. एरवी सासूसुनांचं कुकरच्या शिट्ट्यांवरूनसुद्धा वाजायचं. आता आई सकाळी खुर्चीत बसून गुणगुणत असायच्या. बायको दुपारी तासभर गाढ झोपायची आणि उठल्यावर, काही कारण नसताना, सासूबाईंच्या पायाला तेल चोळून द्यायची. मुलगी कामावरून आली की खोलीत कोंडून घ्यायची, ती आता आजीशेजारी बसून हसायला लागली. फक्त कॉफीची पूड भराभर संपत होती.

"परवाच तर नवा डबा आणला!" थेंबसाहेब म्हणाले.

"ऑफिसचं काम घरी आणते मी," मुलगी घाईघाईने म्हणाली. "जागावं लागतं."

"मलाही हल्ली कॉफी लागते," बायको म्हणाली.

"पोरं राबतात रे बिचारी," आई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

थेंबसाहेबांना वाटलं, आपण घरात शिस्त आणली त्याचंच हे फळ. माणसाला काम वाटून दिलं की भांडायला सवड राहत नाही.

रविवार उजाडला. साडू आणि मेहुणी बाराच्या ठोक्याला हजर. साडूंनी कोपऱ्यातली खुर्ची पकडली आणि परीक्षकासारखी पायावर पाय टाकून बैठक मारली. थेंबसाहेबांनी बरणी आणली. गाळून घेतलेला तो काळाभोर द्रव औषधाच्या मापाने मोजला, त्यात दूध आणि दाट मलई घातली, झाकणाच्या डब्यात बर्फासकट खडखड हलवून पेल्यांत ओतला. वर फेस आला.

साडूंनी पेला उजेडात धरला, वास घेतला, घोट घेतला.

"हं," साडू म्हणाले.

साडूंनी पेला रिकामा केला आणि पुढे केला. "दुसरा करा, मग सांगतो."

दुसऱ्या पेल्यानंतर साडूंनी शर्टाचं वरचं बटण काढलं. तिसऱ्यानंतर त्यांचे डोळे चमकायला लागले, पाय थिरकायला लागला आणि ते भरभर बोलू लागले. "जबरदस्त आहे हो! एकदम डोक्यात जाते. बघा, माझे हात बघा, थरथरतायत!"

"मेलं, एवढी कडक?" मेहुणी म्हणाली आणि आपला पेला न पिताच खाली ठेवला. "गाडीची किल्ली इकडे द्या. मी चालवीन."

"घे! सगळं घे!" साडू उठले, थेंबसाहेबांसमोर आले आणि त्यांचा हात धरला. डोळ्यांत पाणी होतं. "साडूभाऊ, आज खोटं बोलवत नाही. ती माझी परदेशी बाटली आहे ना, ती सहा वर्षांपूर्वीच संपली. तेव्हापासून मी तिच्यात काळा चहा आणि गूळ घालून ठेवतो."

"अहो!" मेहुणी किंचाळली. "म्हणजे माझ्या भिशीच्या बायकांना तुम्ही..."

"चहा! सगळ्यांना चहा! आणि मी यांना परीक्षानळ्या विसळणारा म्हणालो. साडूभाऊ, तुम्ही कलावंत आहात, कलावंत! मला माफ करा."

एकतीस वर्षांत कोणी थेंबसाहेबांना असं म्हटलं नव्हतं. त्या भरात त्यांनी स्वतःसाठीही दोन पेले ओतून घेतले आणि लागोपाठ संपवले. आई, बायको आणि मुलगी मात्र एकमेकींकडे न बघता कोशिंबीर वाढत होत्या.

पाहुणे गेले. थेंबसाहेब तृप्त मनाने आडवे झाले. आता मस्त झोप लागणार, असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. ते आपोआप उघडले. कुशीवर वळले. पुन्हा उघडले. छातीत धडधडत होतं, पायाची बोटं आपली आपण हलत होती, आणि शाळेतली सगळी समीकरणं क्रमाने आठवत होती. तासभर छताकडे बघितल्यावर त्यांच्या मनात आलं, दारू प्यायल्यावर माणूस पेंगतो. मग आपण टक्क जागे कसे?

ते उठले. स्वयंपाकघरात गेले, बरणीतला उरलेला द्रव चमच्यात घेतला, गॅसवर गरम केला आणि काडी लावली. काडी विझली. दुसरी लावली. तीही विझली. पाचव्या काडीला त्यांनी हाक मारली, "जरा सगळ्याजणी इकडे या बरं!"

तिघी येऊन उभ्या राहिल्या. कपाटाच्या दारावर त्रेसष्ट सह्या होत्या, एकही राहिलेली नव्हती.

"यात व्होडका नाही," थेंबसाहेब म्हणाले. "ही कॉफी आहे. माझी व्होडका कुठे गेली?"

तिघी सह्यांकडे बघू लागल्या. शेवटी आई म्हणाल्या, "मी नुसता वास घेतला रे."

"आई, वासाने पातळी उतरत नाही."

"जवळून घेतला." त्या जरा थांबल्या. "तोंडाने घेतला. पहिल्याच सकाळी. वाटीभरच! पण मग बघते तर तुझी ती मेली रेघ वर आणि कॉफी खाली. घाबरले मी. सकाळची काळी कॉफी होती, ती साखर घालून ओतली रेघेपर्यंत."

सुनेने तोंडाला पदर लावला. "आई, तुम्ही? अहो, मीसुद्धा दुपारी... मला वाटलं, मी एकटीच!"

"आणि मी संध्याकाळी," मुलगी म्हणाली. "रंग फिका दिसू नये म्हणून मी दुप्पट कडक कॉफी घालायचे."

"तरीच!" आई एकदम उसळल्या. "शेवटच्या आठवड्यात चव उतरली ती तुमच्यामुळे होय गं? मला वाटलं, माझी जीभच गेली!"

"मला वाटलं, मला सवय लागली," बायको म्हणाली. "म्हणून मी वाटी बदलून पेला घेतला."

थेंबसाहेब स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. "म्हणजे साडूंना मी गार कॉफी पाजली. ते जे काही बोलले ते उगाचच. यात माझं काहीच नव्हतं."

मग आई पुढे आल्या आणि त्यांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. "उगाच कसं? अरे, चौऱ्याऐंशी वर्षांत मी चोरून काही खाल्लं नाही की प्यायलं नाही. तुझ्या बरणीपायी एकवीस दिवस चोरी केली. त्याची किंमत नाही का?"

थेंबसाहेबांनी मान वर केली. "कशी होती?"

"म्हणजे?"

"मी चाखलीच नव्हती ना. पहिल्या आठवड्यातली. कशी लागत होती?"

बायको त्यांच्या शेजारी बसली. "आधी कडू लागायची. मग गोड. आणि गिळल्यावर व्हॅनिलाचा वास मागे राहायचा, बराच वेळ. मी मुद्दाम वर पाणी प्यायची नाही."

"बाबा, मी एकदा त्यात साय घातली होती," मुलगी म्हणाली. "त्या दिवशी मी साहेबांचा फोनच उचलला नाही."

"मला तुझे वडील आठवायचे," आई म्हणाल्या. "आणि राग नाही यायचा."

थेंबसाहेब एकेकीकडे बघत राहिले. "खरंच?" त्यांनी विचारलं, आणि तिघींनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडूंचा फोन आला. आवाज खोल गेला होता. "साडूभाऊ, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. डोकं ठणकतंय. काय तेज हो तुमच्या हातात! एक विनंती आहे. पुढच्या वेळी जरा हलकी करा." मग आवाज आणखी खाली आला. "आणि मी काल काही बोललो का? मला काही म्हणजे काहीच आठवत नाही."

"छे, छे," थेंबसाहेब म्हणाले. "जेवलात आणि गेलात."

त्याच संध्याकाळी त्यांनी नवी बरणी धुऊन पुसली. कॉफी उकळली, पाक केला, व्होडका मोजून घातली, शेंग चिरून टाकली. वेळापत्रकाचा नवा कागद दारावर लावला आणि त्यात आई, बायको, मुलगी यांच्या खाली चौथी ओळ वाढवली: रात्री, मी. मग पांढरी पट्टी आणि पेन हातात घेऊन ते क्षणभर उभे राहिले, दोन्ही वस्तू परत खणात टाकल्या, आणि वाटी शोधायला लागले.