दत्तोबाची गरिबी

खेडच्या कचेरीबाहेर बसून अर्ज लिहिणाऱ्यांत माझा हात धरणारा कोणी नव्हता. कोणाला गरीब दाखवायचं असेल तर मी असा दाखवायचो, की अर्ज वाचून मामलेदार रुमाल शोधायचे. छप्पन साली हीच विद्या मी माझ्या मित्रासाठी, चाकणच्या दत्तोबासाठी पणाला लावली.

दत्तोबाची तंबाखूची वखार होती. तंबाखू उन्हाळ्यात सुकते आणि वजनात घटते, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. अबकारीच्या साहेबांनी भर वैशाखात वजन केलं, माल कमी भरला. "चोरून विकलास," म्हणत त्यांनी कर आणि दंड मिळून तीन हजार लावले. न भरल्यास वखारीचा परवाना रद्द. अपिलाची सोय होती, पण आधी तीन हजार भरायचे आणि मग तोंड उघडायचं.

"म्हंजी मी चोर न्हाई, ह्ये सांगायला आदी चोरीचं पैसं भरायचं?" दत्तोबा म्हणाला.

त्याचा तो प्रश्न मला अजूनही बिनतोड वाटतो. आम्ही मुंबईला हायकोर्टात दाद मागितली. 'अर्जदाराजवळ फुटकी कवडी नाही, सबब पैसे आधी भरण्याची अट काढावी.' मी लिहिलं आणि पुण्याच्या नानासाहेब वकिलांनी त्याचं इंग्रजी केलं. अर्जदाराला कोर्टासमोर उभं करा, असंही त्यांनी सुचवलं. मी पुण्याहूनच दत्तोबाला निरोप धाडला, "मुंबईला जायचंय. जरा नीट ये."

तिथंच घात झाला. हायकोर्टात जायचं म्हणजे साऱ्या आळीच्या अब्रूचा प्रश्न. कोर्टाच्या दारात मला दत्तोबा दिसला तो आळीतल्या उद्धवरावांच्या लग्नातल्या कोटात. बोटांत चार घरच्या अंगठ्या होत्या. गळ्यातला सोन्याचा गोफ मी लगेच ओळखला, कारण तो माझ्या सासऱ्यांनी मला दिलेला होता.

"अरे, काढ हे सगळं!"

"कसं काढू? गोफ वैनींनी सोताहून दिलाय." शिवाय मागं गावची दहा माणसं उभी होती, आणि त्यांत दत्तोबाचे नवे व्याही सोपानराव. मुलगी नुकतीच त्यांच्या घरी नांदायला गेली होती.

आत नानासाहेबांनी अर्जदार कसा कफल्लक आहे ते रंगवून सांगितलं. न्यायमूर्तींनी चष्म्यावरून त्या कफल्लकाकडं बराच वेळ पाहिलं आणि मराठीतच विचारलं, "एवढी रक्कम भरणं तुम्हाला खरंच शक्य नाही?"

दत्तोबानं नुसतं 'न्हाई' म्हणायचं होतं. त्यानं मागं पाहिलं. सोपानराव कान देऊन ऐकत होते.

"न्हाई कसं, सायेब? भरू की. तीन हजाराचं काय यवडं!"

गरिबी कागदावर लिहायला काही लागत नाही. कागदाला व्याही नसतो.

अट मुळात योग्य की अयोग्य, याचा विचार करण्याची गरज कोर्टाला उरली नाही. अर्जदाराला तिची काही अडचणच नव्हती. महिनाभरात पैसे भरा, असा हुकूम झाला.

परतीच्या गाडीत दत्तोबानं अंगठ्या काढून रुमालात बांधल्या. तळेगाव आलं तेव्हा एवढंच म्हणाला, "बोलून बसलो. वखार ग्येली आता." मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो ज्याचं त्याला द्यायला दारोदार फिरला. मी सोबत होतो. कोणी काही परत घेईना. उद्धवराव तर चिडलेच. "कोर्टात म्हनलास न्हवं, भरतो म्हनून? मंग भर की. आपल्या मानसाचा सबूद खोटा पाडायचा व्हय?" सोनं गहाण पडलं, तीन हजार भरले आणि अपील ऐकलं गेलं. पावसाळ्यात फेरवजन झालं, तंबाखू ओल धरून पुन्हा पुरी भरली आणि दंडासकट सगळं माफ झालं.

आता भरलेले पैसे परत मिळवायला आणखी एक अर्ज करायचा होता. मी उत्साहानं दौत उघडली, तशी माझी बायको शालन स्वयंपाकघरातून म्हणाली, "ह्यो अर्ज दुसऱ्या कुनाकडनं लिवून घ्या. आन् भावजींना घरीच बसवा."